न वाजलेला ठेका

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१ रोजी, रविवारी, पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीने पाच बैठकी केल्या; दोन दुपारी आणि तीन त्यानंतर रात्रीपर्यंत. बासवर स्कॉट लफारो होता, ड्रमवर पॉल मोशन. क्लबातल्या त्यांच्या दोन आठवड्यांच्या मुक्कामाचा तो शेवटचा दिवस होता. ‘रिव्हरसाइड’ कंपनीचे निर्माते ऑरिन कीपन्यूज आणि ध्वनिमुद्रक डेव्ह जोन्स यांनी टेप यंत्र क्लबातच आणून ठेवले आणि दिवसभराचे वादन टिपून घेतले. हाती आल्या १३ रचना, त्यांचे मिळून २२ टेक, म्हणजे स्वतंत्र मुद्रणे. पुढे अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लफारो मोटार अपघातात गेला. त्याचे वय होते २५. त्या टेपांमधून निघालेल्या दोन तबकड्या आज जॅझच्या छोट्या संचाचा आदर्श मानल्या जातात, आणि तो आदर्श कशात आहे हे सांगताना बहुधा एकच गोष्ट सांगितली जाते. बास आणि ड्रम पियानोच्या साथीतून मुक्त झाले, तिघे बरोबरीचे झाले. हे खोटे नाही, पण अर्धवट आहे. मुक्त झाले म्हणजे कशापासून, आणि कशाच्या बळावर, हे त्यात येत नाही. माझे म्हणणे असे आहे की या तिघांनी गाण्याची चौकट मोडली नाही, सैलही केली नाही. ती चौकट क्षणोक्षणी वाजवून दाखवण्याचे काम मात्र त्यांनी सोडून दिले. ती मनात बाळगण्याची जबाबदारी प्रत्येकाने स्वतःवर घेतली आणि बरीचशी श्रोत्यावरही टाकली. शिवाय हे सारे आपल्यापर्यंत ज्या यंत्राने पोहोचवले, त्याचाही या कलेत मोठा वाटा आहे.

त्या काळापर्यंत छोट्या संचातली कामे कशी वाटलेली होती, हे आधी पाहावे लागते. जॅझवादक जी गाणी घेत, त्यांतली बरीचशी ३२ बारची असत. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा धरल्या तर १२८ मात्रांचे एक लांबलचक आवर्तन होते, आणि त्यात कोणत्या जागी कोणती कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरगट, येणार हे ठरलेले असते. वादक हे आवर्तन पुन्हा पुन्हा फिरवत त्यावर आपली बढत करतो. ख्यालगायक समेपासून लांब भटकू शकतो, कारण तबलजी ठेका सोडत नाही. जॅझमध्ये हे काम बास आणि ड्रम मिळून करीत. बासवादक प्रत्येक मात्रेवर एक स्वर टाकत चालत राही आणि कॉर्ड बदलली की तिचा मूळ स्वर खालून ठामपणे सांगे. ड्रमवादक मोठ्या सिंबलवर लय अखंड तेवत ठेवी. या बिछान्यावर पियानो किंवा सॅक्सोफोन निर्धास्त हिंडत असे. ही वाटणी कमी प्रतीची होती असे कोणी समजू नये. बीबॉप या जॅझशैलीचे सगळे वैभव तिच्यावर उभे आहे. पण तिच्यात बासवादकाचा बहुतेक वेळ मोजणी ऐकवण्यात जाई, आणि त्याला मनातले काही बोलायचे असेल तर आपल्या एकल वादनाची पाळी येईपर्यंत थांबावे लागे.

या वाटणीला पहिला धक्का पियानोवादकाच्या डाव्या हाताने दिला, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एव्हान्स १९५८ मध्ये काही महिने ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात होता, आणि संच सोडल्यावरही १९५९ मध्ये त्याच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीच्या ध्वनिमुद्रणासाठी परत आला होता. डाव्या हाताने कॉर्ड धरताना तो तिचा मूळ स्वर गाळीत असे आणि आतले, रंग देणारे स्वर तेवढे ठेवीत असे. ही युक्ती त्याच्या एकट्याची नव्हती. अहमद जमाल आणि रेड गारलंड हे पियानोवादकही त्याच काळात तिचा वापर करीत होते. पण एव्हान्सने तिच्यातून काढलेला निष्कर्ष वेगळा होता. पियानोने खालची जागा रिकामी सोडली की ती भरण्याचे काम बासवर पडते, असा सरळ हिशेब होता. लफारोने तो हिशेब उलटा वाचला. जागा रिकामी आहे, तर तिथे मूळ स्वरच टाकला पाहिजे असे कुठे आहे? तो वरच्या सप्तकात जाऊन पियानोच्या ओळीला उत्तर देई, मध्येच थांबे, मात्रेच्या अलीकडे किंवा पलीकडे एखादा तुकडा टाके, आणि कॉर्डचा मूळ स्वर ऐकणाऱ्याच्या कानातच राहू देई. मोशननेही सिंबलवरची अखंड चाल सोडली. तो ब्रशने लयीच्या कडा तेवढ्या रेखू लागला. म्हणजे ठेका कोणीच धरला नव्हता, आणि तरीही आवर्तन फिरत होते.

हे एका रात्रीत घडले नाही. एव्हान्सची त्रयी १९५९ च्या उत्तरार्धात, बासवादक आणि ड्रमवादक अनेकदा बदलल्यानंतर, या तिघांवर येऊन स्थिरावली. २८ डिसेंबर १९५९ रोजी त्यांनी ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ ही पहिली तबकडी मुद्रित केली. तिच्यातल्या ‘ऑटम लीव्ज’मध्ये मुखडा झाल्यावर एक भाग असा येतो की बास एक तुकडा टाकतो, पियानो तो उचलतो, ड्रम मध्ये पडतात आणि कोण पुढे आहे हे सांगता येत नाही. पण त्यानंतर पियानोची बढत सुरू झाली की बास पुन्हा जुन्या चालीवर येतो. पुढची ‘एक्सप्लोरेशन्स’ ही तबकडी २ फेब्रुवारी १९६१ ची. लफारोचा नेहमीचा बास तेव्हा दुरुस्तीला गेला होता, परक्या वाद्यावर त्याला तारांच्या वरच्या भागात मोकळेपणाने फिरता येईना, आणि त्या दिवशी स्टुडिओत त्याचा नि एव्हान्सचा खटकाही उडाला. तरी त्या तबकडीत संवाद गाण्याच्या आतपर्यंत पोहोचलेला आहे. म्हणजे जूनमधल्या त्या रविवारपर्यंत दीड वर्षाची तालीम झाली होती, आणि ती बरीचशी क्लबांतून, लोकांसमोर, तीच तीच गाणी पुन्हा वाजवत झाली होती. ज्याला आपण क्षणाची स्फूर्ती म्हणतो तिच्यामागे एवढी पुनरावृत्ती उभी असते.

त्या रविवारचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कोल पोर्टरचे ‘ऑल ऑफ यू’. ते त्यांनी दिवसभरात तीनदा वाजवले. तिन्ही वेळा गाणे तेच, वाटही साधारण तीच, पण आतली बोलणी प्रत्येक वेळी निराळी. एका टेकमध्ये पियानोने वाक्य संपवले तिथे बास बोलतो, तर दुसऱ्यात त्याच जागी दोघेही गप्प राहतात आणि मोशनचा ब्रश तेवढा सरकतो. कोणी कोणाला खूण करीत नाही. कारण १२८ मात्रांच्या त्या वाटेवर आपण कुठे आहोत हे तिघांनाही न मोजता ठाऊक आहे. लफारोने रचलेले ‘ग्लोरियाज स्टेप’ तर आणखी पेचाचे. त्याचे आवर्तन नेहमीच्या आठ-आठ बारांचे नसून पाच, पाच आणि दहा अशा २० बारांचे आहे. चारांच्या पटीत मोजण्याची सवय जडलेल्या कानाला तिथे आधार मिळत नाही. अशा आडवळणी आवर्तनात ठेका न धरता एकमेकांवरून बोलायचे, तर ते आवर्तन किती मुरलेले असले पाहिजे! ‘सोलर’ अवघ्या १२ बारांचे. त्यात पियानो बराच वेळ दोन्ही हातांनी एकच उघडी ओळ वाजवतो, कॉर्ड जवळजवळ धरतच नाही, आणि बास शेजारून दुसरी ओळ चालवतो.

यानंतर ‘माय फूलिश हार्ट’ ऐकले तर वेगळाच प्रकार कानावर येतो. संथ गाणे; लफारो त्यात फारच थोडे स्वर टाकतो, बहुतेक खालचे, लांब, आणि टाकल्यावर त्यांना पुरते विरू देतो. मोशनचे सिंबल नुसते श्वास घेतल्यासारखे वाजते. तिघे एकाच वेळी बोलतात म्हणजेच संवाद होतो, अशी समजूत असणाऱ्याला या टेकमध्ये काहीच घडत नाही असे वाटेल. मला मात्र संवादाचा सर्वांत भक्कम दाखला इथेच दिसतो. ज्याला एका मात्रेत चार स्वर टाकता येतात तो चार मात्रांत एक टाकतो, आणि तो एक नेमका तिथेच का पडला हे ऐकणाऱ्याला पटते. बोलण्याची मुभा मिळाल्यावर न बोलणे ही निवड होते. मुभा नसताना ते नुसते काम असते.

गाण्यांच्या निवडीकडेही लक्ष द्यायला हवे. १३ रचनांपैकी बऱ्याच ब्रॉडवेच्या नाटकांतल्या किंवा चित्रपटांतल्या आहेत. ‘माय रोमान्स’ १९३५ चे, ‘सम अदर टाइम’ १९४४ चे, ‘अ‍ॅलिस इन वंडरलंड’ १९५१ च्या डिस्नेपटातले. तेव्हाच्या न्यूयॉर्कच्या श्रोत्याला ही गाणी तोंडपाठ होती. जे कोणी वाजवत नाही ते श्रोत्याच्या आठवणीत वाजत असते, आणि वादकांचा सारा डोलारा त्या आठवणीवर उभा असतो. हे सगळे नकळत झाले असे म्हणता येणार नाही. याच लफारोने सहा महिने आधी, २१ डिसेंबर १९६० रोजी, सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘फ्री जॅझ’ या तबकडीत वाजवले होते. दोन चौकड्या समोरासमोर, आवर्तनाची नि कॉर्डची ठरीव वाट नाही, जवळपास ३७ मिनिटांची सलग उत्स्फूर्त रचना. चौकटीविना वाजवणे म्हणजे काय हे त्याने आतून अनुभवले होते. तिथून तो ‘माय रोमान्स’कडे आला तो दुसरा मार्ग माहीत नव्हता म्हणून नव्हे. दोन्ही वाटा त्याच्यासमोर खुल्या होत्या, आणि एव्हान्सबरोबर त्याने जी धरली तिच्यात स्वातंत्र्य चौकटीच्या आतून काढायचे होते. माझ्या मते हे काम अधिक कठीण आहे. चौकट नसली की चुकण्याची जागाही कमी होते. इथे प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी तिघांना एकत्र भेटायचे होते.

आता यंत्राकडे वळू. जॅझच्या इतिहासात कोण काय वाजवत होते, यापेक्षा कोणाचे ऐकू येऊ शकत होते, या प्रश्नाने पुष्कळ काही ठरवले आहे. कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या संचाने १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंड इथे ‘जेनेट’ कंपनीसाठी पहिल्या तबकड्या केल्या. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर वाजवून थेट मेणावर कोरले जाई. मोठा ड्रम आणि डबल बास त्या यंत्राला झेपत नसत. म्हणून ड्रमवादक बेबी डॉड्सने लाकडी ठोकळे वाजवले आणि बासवादक बिल जॉन्सनने बँजो घेतला. त्या संचाची लय प्रत्यक्षात कशी होती हे आपल्याला तबकडीवरून कधीच पुरते कळणार नाही. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, बास ऐकू येऊ लागला, आणि १९४० मध्ये ड्यूक एलिंग्टनने जिमी ब्लँटनबरोबर नुसत्या पियानो-बासच्या जोडवादनाच्या तबकड्या केल्या. ब्लँटन बासवर सुरेल ओळी रचत होता, आणि तोही १९४२ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, क्षयाने गेला. पण त्याच्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांत संपत असे. लांब तबकडी १९४८ मध्ये बाजारात आली आणि चुंबकीय टेप रूढ झाली, तेव्हा कुठे सात-आठ मिनिटांचा संवाद घरी बसून ऐकणे शक्य झाले. व्हॅनगार्डमध्ये लफारोच्या बासला माइक होता. त्याच्या तारा बोटांच्या हलक्या झटक्याला चटकन प्रतिसाद देण्याइतक्या खाली बसवलेल्या होत्या. अशा वाद्याचा आवाज मोठा नसतो, आणि क्लबाच्या मागच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला तो पियानोच्या तोडीचा ऐकू आला असेल असे वाटत नाही. तबकडीवर मात्र दोघे शेजारी उभे आहेत. ही बरोबरी वादकांनी निर्माण केली, पण तिला आकार दिला माइकने. यामुळे ती नकली ठरत नाही. छापखान्याने कवितेला जे दिले तेच माइकने बासला दिले.

निवडीचा प्रश्नही इथेच येतो. १९६१ मध्येच निघालेल्या ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ या पहिल्या तबकडीत सहा रचना आहेत. तिची सुरुवात लफारोच्या ‘ग्लोरियाज स्टेप’ने होते आणि शेवट त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’ या नऊ मात्रांच्या संथ रचनेने. मुखपृष्ठावर त्याचे नाव वेगळे झळकते. लफारो गेल्यानंतर त्याची कामगिरी समोर यावी अशाच हेतूने हे टेक निवडले गेले. दुसरी तबकडी, ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’, १९६२ ची. तिच्यात हळुवार गाणी अधिक. दिवसभराचे सगळे वादन वाजवले त्या क्रमाने ऐकायला २००५ साल उजाडावे लागले. तेव्हाच्या तीन सीडींच्या संचात ‘ग्लोरियाज स्टेप’चा पहिला टेकही आहे, मध्ये वीज गेल्यामुळे तुटलेला. तेव्हा गेली अनेक दशके ज्याला आपण ‘त्या दुपारचा संगीतसंवाद’ म्हणत आलो तो खरे तर कीपन्यूज आणि एव्हान्स यांनी दुःखात बसून रचलेला क्रम होता.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो : ही सारी कीर्ती मृत्यूने दिलेली आहे. लफारो जगला असता तर हा चांगल्या दिवसांपैकी एक दिवस ठरला असता. या आक्षेपात तथ्य आहे. पहिल्या तबकडीचा क्रम त्याला पुरावाच देतो. पण मृत्यू ऐकणाऱ्याची नजर वळवू शकतो, वाजवणाऱ्याची बोटे बदलू शकत नाही. लफारो धडधाकट असताना, १९५९ च्या ‘ऑटम लीव्ज’मध्ये ही पद्धत आधीच ऐकू येते. शिवाय पुढच्या बासवादकांनी त्याच्याकडून जे घेतले ते शोक नव्हे. एव्हान्सबरोबर पुढे ११ वर्षे वाजवणारा एडी गोमेझ, शेवटच्या त्रयीतला मार्क जॉन्सन, पियानोवादक कीथ जॅरेटच्या त्रयीतला गॅरी पीकॉक यांनी एक व्याकरण उचलले. शोकातून दंतकथा तयार होते, व्याकरण नाही.

दुसरा आक्षेप बरोबरीबद्दलचा, आणि तो मी बहुतांशी मान्य करतो. मुखपृष्ठावर नाव एव्हान्सचे, करार त्याचा, गाणी बहुतेक त्याच्या आवडीची. मुखडा जवळजवळ नेहमी पियानोच सांगतो, मोशनला एकल वादन नावापुरते. तिघे समान होते हे विधान म्हणूनच जास्तीचे आहे. मोशन पुढे किती दूर जाणार होता याची या टेपांत फक्त चाहूल आहे. २०११ मध्ये त्याचे निधन झाले तोवर तो स्वतःच एक मोठा संचनायक आणि रचनाकार झालेला होता. पण दर्जाची समानता आणि मोजणीपासूनची मुक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली या त्रयीत पुरती नव्हती. दुसरी होती, आणि तीच नवी होती.

बास आपले काम सोडून भलतीकडे जातो, ही तक्रार तेव्हाही होती आणि आजही ऐकू येते. तिला उत्तर टेपांतच आहे. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’चा मुखडा तीन मात्रांत होतो, मग बढत चार मात्रांत सुरू होते. ‘माय रोमान्स’मध्ये लय चढते. अशा ठिकाणी लफारो जुन्या पद्धतीने मात्रेमागून मात्रा चालू लागतो, आणि ती चाल इतकी भरदार आहे की संच क्षणात झेप घेतो. ठेका येत नाही म्हणून तो सोडणारा हा वादक नव्हता. मात्र प्रत्येक टेकमध्ये त्याचा तोल सारखा साधला आहे असे मी म्हणणार नाही. काही जागी तो एव्हान्सच्या वाक्याला श्वास घ्यायला वेळच देत नाही.

राहिला अग्रहक्काचा वाद. न्यू ऑर्लीन्सच्या संचांत कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एकत्र उत्स्फूर्त बोलत होते, ब्लँटनने बासला सुरेल वाचा दिली होती, आणि शिकागोच्या पर्शिंग लाउंजमध्ये जानेवारी १९५८ मध्ये अहमद जमालच्या त्रयीत इझ्रायल क्रॉस्बीचा बास स्वतःची चाल गात होता. ही सगळी कृष्णवर्णीय वादकांची कमाई. एव्हान्सची त्रयी तीन गोऱ्या वादकांची होती, आणि तिच्या वाट्याला आलेल्या कौतुकात हे ऋण पुष्कळदा झाकले गेले, ही अन्यायाची गोष्ट आहे. फरक एवढाच करता येतो : न्यू ऑर्लीन्सच्या त्या बोलण्याखाली ठेका होता, आणि जमालच्या त्रयीत कोणी कुठे थांबायचे हे नेटके बांधलेले होते. ठेकाही नाही आणि बांधणीही आधी ठरलेली नाही, अशा अवस्थेत आवर्तन सांभाळणे हे व्हॅनगार्डच्या त्रयीचे स्वतःचे काम.

लफारोनंतर एव्हान्स काही महिने जवळपास वाजवेनासा झाला. पुढे बासवर चक इझ्रायल्स आला आणि १९६२ मध्ये त्रयी पुन्हा स्टुडिओत गेली. १९६४ मध्ये मोशन बाहेर पडला. एव्हान्स १९८० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, व्यसनाने खंगून गेला. अखेरपर्यंत तो त्रयीतच प्रामुख्याने वाजवत राहिला. या वादनाकडे पहिल्यांदा वळणाऱ्याने निवडक दोन तबकड्यांवर न थांबता संपूर्ण संच मिळवावा, ‘ऑल ऑफ यू’चे तीन टेक एका बैठकीत लागोपाठ लावावेत, आणि पहिल्या मात्रेपासून पियानोकडे नव्हे, बासकडे कान द्यावा.